खंबाटकीचा घाट मोकळा होता

दत्ता,

त्या दिवशी खंबाटकीचा घाट मोकळा होता. दरड नव्हती, उलटलेला ट्रक नव्हता, आणि आमची एसटी थांबली ती फक्त चहाला. हे तुला सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की पुढे पुढे मला स्वतःलाच तो ट्रक दिसायला लागला होता. त्यात कांद्याची पोती होती असंही मी तुला एकदा सांगितलं. कांदे घरंगळत थेट खाली वाईफाट्यापर्यंत गेले म्हणालो, आणि तू पोट धरून हसलास.

गेल्या आठवड्यात आम्ही तुला निरोप दिला. इथल्या, नेदरलँड्सच्या पद्धतीप्रमाणे सगळं शांत, नीटनेटकं. दूरदूर मांडलेल्या खुर्च्या, मोजकी माणसं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर खडकीतले तुझे भाऊ, भाचे, जुने खेळाडू, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. मनीषा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बोला. घाटाची गोष्ट सांगा ना. बाबांना फार आवडायची."

मी उठलो. तुझ्या लेकीचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. मी, आपल्या हॉकी संघाचा सेक्रेटरी, सातारला कसा अडकलो, तू माझ्या दारात कसा बसून राहिलास, कांदे कसे घरंगळले, सगळं सांगितलं. लोक हसले. पडद्यावरचे लोकही हसले, त्यांचा आवाज बंद होता म्हणून नुसते हलताना दिसले. दाराशी उभा असलेला तिथला डच कर्मचारी, एक अक्षर कळत नसताना, बाकीचे हसतायत म्हणून हसला. तुझ्यासमोर तुझ्याबद्दल शेवटचं बोलायची संधी मला मिळाली आणि मी पुन्हा तोच ट्रक उलटवला.

म्हणून आता हे लिहितोय. लिहून झालं की आधी मनीषाला वाचायला देईन. यापुढे मला काका म्हणायचं की नाही हे तिने ठरवावं.

पण मी रडगाणं गाणार नाही. तुला ते चाललं नसतं, आणि खरं म्हणजे या वर्षी आपण दोघांनी जेवढी मजा केली तेवढी निवृत्तीनंतर कधी केली नव्हती. सगळं जग घाबरून घरात बसलं होतं आणि आपण दोन म्हातारे शाळेला सुट्टी लागल्यासारखे होतो.

आपण आलो होतो तीन महिन्यांसाठी. तू डीमनला मनीषाकडे, मी हूफडॉर्पला माझ्या मुलाकडे, अमोलकडे. परतीची तिकिटं तयार होती आणि विमानंच बंद झाली. एरवी आमच्या छपरावरून दर दोन मिनिटांनी एक विमान जायचं, ते आकाश एकदम रिकामं झालं. व्हिसा वाढवून मिळाला. पुण्याच्या बातम्या ऐकून मुलांनी आपल्याला परत पाठवायचं नाव काढलं नाही. मग रोज सकाळी व्हिडिओ कॉल. तू फोन असा काही धरायचास की पहिले दोन महिने मी फक्त तुझ्या कपाळाशी बोलत होतो. "दत्ता, फोन खाली घे," म्हटलं की तुझी हनुवटी दिसायची. पूर्ण तू मला दिसलास तो थेट उन्हाळ्यात.

आणि मग ती बर्फावरची हॉकी आली. तुझा जावई निखिल आधी कॅनडात नोकरीला होता, तिथून तो हे वेड घेऊन आला. तिकडचे सामने पुन्हा सुरू झाले, रिकाम्या स्टेडियममध्ये. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र, म्हणून तो रेकॉर्ड करून ठेवायचा आणि आपण सकाळी चहाबरोबर बघायचो, तू तुझ्याकडे, मी माझ्याकडे, मध्ये फोन चालू. पहिल्या दिवशीचं तुझं बोलणं मला जसंच्या तसं आठवतंय.

"ही हॉकी? बॉल कुठाय?"

"बाबा, बॉल नसतो. रबराची चकती असते," निखिल म्हणाला.

"म्हणजे कॅरमची सोंगटी. आणि हे काय? मारामारी चालू आहे आणि पंच बघत उभे?"

"थोडी मारामारी चालते यात."

"सेक्रेटरी, ऐकलंस का? थोडी चालते म्हणे! आपल्या वेळी चालली असती तर तुझ्या त्या नाशिकच्या पंचाला मी दोन ठेवून दिल्या असत्या."

खुर्च्यांवर माणसांऐवजी पुठ्ठ्याचे पुतळे बसवले होते. ते बघून तू म्हणालास, "आपल्या मॅचला याहून कमी माणसं असायची, पण ती शिव्या तरी द्यायची." आठवड्याभरात तू पुरता अडकलास. त्या बावीस नंबरच्या पोराने तुला अडकवलं. त्याचं आडनाव आपल्या दोघांनाही कधी म्हणता आलं नाही, म्हणून तो बावीस नंबर. तो पळत कमी होता आणि पोचत सगळ्यांच्या आधी होता. चकती त्याच्याकडे येण्याआधीच त्याला ठाऊक असायचं ती पुढे कुठे पाठवायची आहे. तू फोन जवळ आणून, पुन्हा फक्त कपाळ दाखवत, मला म्हणालास, "अरे, हा सेंटर हाफ आहे! बर्फावर सोडलाय म्हणून काय झालं, हा आपलाच माणूस आहे."

मला ते तुझ्याआधी दिसलं होतं. तू आपल्या मैदानी हॉकीत सेंटर हाफला, मधल्या फळीच्या मध्यावर, असाच खेळायचास.

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले आणि मी आठवड्यातून एकदा आगगाडीने डीमनला यायला लागलो. तुमच्या इमारतीमागे कालव्याकाठी बाक होता. दीड मीटर अंतर ठेवायचं, तर तू नातीची, ईराची, हॉकी स्टिक घेऊन आलास आणि बाकावर आडवी ठेवून मोजलंस. "दीड स्टिक. तू त्या टोकाला. आणि शिंकायचं असेल तर कालव्याकडे तोंड कर." ईराच्या क्लबचा सराव सुरू झाला होता, पण प्रेक्षकांना आत बंदी. आपण कुंपणाच्या झाडीमागे उभे राहायचो, दोन डोकी वर काढून. नात मैदानावर दिसली की तुला राहवायचं नाही. "काठी खाली! ईरा, काठी खाली ठेव गं!" पहिल्या वेळी ती उंच कोच आपल्याकडे चालत आली, इंग्रजीत अगदी नम्रपणे म्हणाली की पालकांना आत परवानगी नाही.

"आम्ही आत कुठे आहोत? आम्ही सायकलच्या रस्त्यावर आहोत," तू मराठीतच म्हणालास, आणि मला, "भाषांतर कर."

मी केलं. तीही हसली. दोन आठवड्यांनी आपण गेलो तर ती बाई स्वतःच सगळ्या मुलींना ओरडत होती, "काठी खाली! काठी खाली!" ईरा लाजून लाल झाली होती आणि घरी आईला डचमध्ये काहीतरी बोलली. तिच्या आईने नंतर अर्थ सांगितला, "दोघांना घरी ठेवा." त्या दिवशी तू घरी जाताना चार वेळा थांबून हसलास. नेदरलँड्सच्या मैदानावर मराठी आणली म्हणून तुझा सत्कार करायचं मी ठरवलं होतं, आठवतं?

मग शरद ऋतू आला, सामने संपले आणि बावीस नंबरचा करार संपला.

त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला होतो. खिडक्या उघड्या ठेवून, लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून. निखिल म्हणाला, "आता तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झालाय."

"मोकळा आहे की बांधलेला?" तू विचारलंस.

"दोन्ही, बाबा. करार संपला म्हणून मोकळा. पण अजून लहान आहे, लीगमध्ये पुरेशी वर्षं झाली नाहीत, म्हणून त्याच्यावरचा हक्क जुन्या क्लबकडेच. दुसरा क्लब त्याला ऑफर देऊ शकतो. पण जुन्या क्लबने आठवड्याभरात तेवढीच ऑफर दिली, की तो तिथेच राहणार."

"आणि त्याला जायचंच असेल तर?" मी विचारलं.

"त्याच्या मनाचा प्रश्नच येत नाही, काका. क्लबने जुळवलं की विषय संपला. मग काही खेळाडू काय करतात, आधीच सहीच करत नाहीत. घरी बसून राहतात. दोघांपैकी कोण आधी नमतं ते बघायचं."

तू भाताचा घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलंस. "म्हणजे आपल्यासारखं की रे, सेक्रेटरी. व्हिसा आहे, तिकीट आहे, जायला कुणाची ना नाही. फक्त विमान नाही." मनीषाला एवढा ठसका लागला की निखिलला पाणी द्यायला उठावं लागलं.

हसून झाल्यावर मी म्हणालो, हा अन्याय आहे. ज्याचा करार संपला त्याला जाऊ द्यायला हवं. मला वाटलं होतं तू टेबलावर मूठ आपटून माझ्या बाजूने उभा राहशील. तू खेळाडू. तू आयुष्यभर युनियनवाला. पण तू म्हणालास, "अन्याय कसला? ज्यांनी घडवला त्यांचा थोडा हक्क नको का? राहावं त्याने."

मी गारच पडलो. आणि तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. कंपनीचा माणूस मी, आणि मी खेळाडूच्या बाजूने घसा फोडतोय. कामगार तू, आणि तू मालकांची वकिली करतोयस. बाकावर, फोनवर, कुंपणामागे. तू म्हणायचास, "सेक्रेटरी, तुला म्हातारपणी क्रांती सुचतेय." मी म्हणायचो, "आणि तुला मालकांचा पुळका आलाय." तुला वाटत होतं आपण बावीस नंबरबद्दल भांडतोय. मी त्याच्याबद्दल भांडत नव्हतो, दत्ता. मी वाट बघत होतो की तू एकदा तरी म्हणशील, "हो, अडवलं ते चूक होतं," म्हणजे मला तुझ्यापुढे मान खाली घालता येईल. तू ती सोयच ठेवली नाहीस.

आता ते सांगतो.

तेव्हा आपण दोघेही तिशीच्या आत. तू पिंपरीच्या कंपनीत टूल रूमला फिटर आणि कंपनीच्या संघाचा सेंटर हाफ. मी वेळकचेरीत कारकून आणि संघाचा सेक्रेटरी. मुंबईच्या मोठ्या संघाने तुला बोलावलं. तिथली नोकरी, राहायला खोली, आणि मुख्य म्हणजे तिथे निवड समितीची माणसं सामने बघायला यायची. पिंपरीला त्यांचं पाऊल कधी लागलं नव्हतं. भारताच्या शिबिरात जायचं तर रस्ता मुंबईवरून जात होता, हे तुला कळत होतं, मलाही कळत होतं. संघ बदलायचा तर जुन्या कंपनीची ना-हरकत लागायची, सेक्रेटरीच्या सहीने, आणि नोंदणी बंद व्हायच्या आत. वर्क्स मॅनेजर साठेसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पोरगा वर जातोय, जाऊ द्या. करून टाका सही."

मी "हो साहेब" म्हणालो. संध्याकाळी घरी आलो, पिशवी भरली आणि चुलतभावाच्या लग्नाला सातारला गेलो. लग्न खरंच होतं. एका दिवसाचं होतं. मी नोंदणी बंद होईपर्यंत तिथेच राहिलो.

मी तुला नाही म्हटलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. आपल्या कचेरीत कुणाला काही नाकारायचं असेल तर नकार द्यायचा नसतो, नुसतं जागेवर नसायचं असतं. "साहेब बाहेरगावी गेलेत" एवढं म्हटलं की पुढच्याला कुणावर रागावताही येत नाही. ती विद्या मला चांगली अवगत होती. ती मी तुझ्यावर वापरली.

तू रोज कामावरून सुटून माझ्या घरी यायचास, मी आलो का बघायला. दाराशी बसायचास. तुझी वहिनी, सुलभा, चहा द्यायची. तिचा स्टोव्ह भडकत होता, तू तो उघडून पिन साफ केलीस, वॉशर बदललास. मी परत आलो तेव्हा तिने आधी स्टोव्ह दाखवला. मग मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या त्याला सांगून टाका." पुढे दर दिवाळीला तू फराळाला येऊन गेलास की ती हेच म्हणायची. ती गेली, आणि मग मला आठवण करून देणारंही कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला घाटाची गोष्ट सांगितली. तू एक क्षण खाली बघितलंस आणि मग माझ्याच खांद्यावर हात ठेवलास. "जाऊ दे रे. घाटाला काय करणार तू? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या मोसमात तुझा गुडघा गेला.

तू मात्र त्या घाटाला सोडलं नाहीस. आपण सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो तेव्हा घाट लागताच तू खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला शिव्या दिल्यास. मनीषा लहान होती, तीही ओरडायला लागली, "वाईट घाट! वाईट घाट!" ती तुमच्या घरची रीतच पडली. बोगदा झाला तेव्हा तू मला फोन केलास, "सेक्रेटरी, भोसकला त्याला!" मीही हसलो. माझं खोटं तुझ्या घरात असं लाडाकोडात वाढलं.

मी हे का केलं, हे तू विचारलं असतंस. सगळ्यांना वाटलं असतं, स्पर्धेची ढाल हातची गेली असती म्हणून, साहेबांची मर्जी म्हणून. साहेबांनी तर सोड म्हणून सांगितलं होतं. खरं कारण सांगायला मला जास्त लाज वाटते. मला तुझा खेळ बघायचा होता. बाकी माझ्या आयुष्यात होतं काय? हजेरी, उशिराच्या नोंदी, पगाराच्या चिठ्ठ्या. आणि रविवारी तू. तू मुंबईला गेलास तर मी रविवारी काय बघणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

आणि तू मला ते दाखवलंस, दत्ता. त्या वर्षीची फायनल. शेणाने सारवल्यासारखं कडक मैदान, आपण एका गोलने मागे. दोन जण अंगावर आले, तू अंगावर येऊ दिलेस, आणि बॉल त्यांच्या डोक्यांवरून असा अलगद उचललास, जसं कुणी झोपलेल्या मुलाला उचलून आत नेतं. उजवीकडे आपला विंगर धावत होता, बॉल त्याच्या स्टिकसमोर उतरला. दुसऱ्या गोलला तर तू मला साइडलाइनवर बघून हसलास, मारायच्या आधी. मी टोपी हवेत फेकली ती परत मिळाली नाही. त्या दिवसासारखा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे सुलभाला माहीत होतं. तो खेळ दुसरीकडच्या लोकांनी बघायचा होता. मी तो चोरून बघितला.

आपल्या त्या लवादाची गोष्ट राहिलीच. निखिलने सांगितलं होतं की पगारावरून जमलं नाही तर काही खेळाडू लवादाकडे जातात, आणि तिथे क्लबची माणसं खेळाडूच्या तोंडावर त्याचे दोष वाचून दाखवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकत्र काम करायचं असतं. हे तुला एवढं आवडलं की तू म्हणालास, आपण लवाद भरवू. मनीषा लवाद, तू क्लब, मी खेळाडूचा वकील. ईरा पडद्यावरच्या तिच्या शाळेतून उठून आली आणि सोफ्यावर पाय घेऊन बसली.

तू क्लबच्या बाजूने सुरू झालास. "लवादबाई, हा मुलगा आळशी आहे. पळत नाही. दाढी करत नाही. मारामारीत मागे राहतो. गेल्या सामन्यात त्याने केळं खाऊन साल बाकाखाली टाकली, मी स्वतः बघितली."

"तो पुरावा धरता येणार नाही," मनीषा म्हणाली.

"का नाही? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मग माझी पाळी. मी हसत हसतच सुरुवात केली. म्हणालो, हा पळत नाही कारण त्याला आधीच दिसतं. मग म्हणालो, ज्याला एवढं दिसतं त्याला कुठे जायचं तेही दिसतं, आणि आपण त्याच्या दारात उभं राहणारे कोण. संघ पुढच्या वर्षीही असतो, ढाल असते, सेक्रेटरी असतो, फक्त खेळाडूचं वय नसतं. गुडघा कुणाची परवानगी घेऊन जात नाही. मी किती बोललो मला माहीत नाही. शेवटी थांबलो. ईरा म्हणाली, "बट ही हॅज नो नी प्रॉब्लेम, आजोबा."

मनीषाने घसा साफ केला आणि निकाल दिला, "खेळाडूला सोडावं."

तू उठलास, मला हात जोडलेस आणि म्हणालास, "वा, सेक्रेटरी! एवढं कुणी माझ्यासाठी बोललं असतं तर मी भारताकडून खेळलो असतो." आणि गडगडून हसलास. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याच्या मागे एक जागा होती, दोन शब्द मावतील एवढी. मी चहाचा कप उचलला.

तुला वाटेल की मी प्रयत्नच केला नाही. केला रे. हूफडॉर्पहून डीमनला येताना आगगाडीत मी दर वेळी पाठ करायचो. तोंडावर मास्क असल्यामुळे ओठ हलताना कुणाला दिसायचं नाही. मास्कखाली मी तुला कितीतरी वेळा सगळं सांगितलंय. स्टेशनात तू उभा असायचास, हात हलवत, आणि लांबूनच ओरडायचास, "लवकर ये, बावीस नंबरची बातमी आहे!" मी मास्क काढायचो आणि मास्कबरोबर ते सगळं खिशात जायचं.

मग एका सकाळी तुझा फोन आला. या वेळी पूर्ण चेहरा दिसत होता. दुसऱ्या क्लबने ऑफर दिली होती, आणि जुन्या क्लबने मुदतीच्या आत तेवढीच देऊन त्याला ठेवून घेतलं. "राहिला रे, सेक्रेटरी! राहिला!" तू आनंदाने नाचायचाच बाकी होतास.

मी चिडलो. म्हणालो, "त्याला जायचं होतं, दत्ता. तुला एवढा आनंद कशाचा?"

तू म्हणालास, "अरे, जायचं असेल त्याला. पण त्या गावातल्या लोकांचा विचार कर की. इतकी वर्षं त्याला बघतायत. तो गेला तर त्यांनी रविवारी काय बघायचं?"

 माझं म्हणणं, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तू माझ्या तोंडावर, हसत, माझ्याच बाजूने मांडत होतास. त्या क्षणी मला वाटलं की आता तुला सांगता येईल. मी म्हणालो, "मी येतो. मला बोलायचंय तुझ्याशी."

"ये की. भांडायला ये. आणि येताना बाजारातून ती खारवलेली मासळी आण, कच्ची वाली. मनीषाला सांगू नकोस."

दुसऱ्याच दिवशी ईराच्या क्लबमध्ये कुणाला तरी लागण झाली आणि तुमचं घर विलगीकरणात गेलं. मी अमोलला म्हटलं, संपलं की जाऊ. फोन होता माझ्याकडे. रोज होता. पण मी स्वतःला समजावलं की ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. मी पुन्हा जागेवर नव्हतो, एवढंच. विलगीकरण संपायच्या आधी एका पहाटे तू झोपेतच गेलास. मनीषा म्हणते, चेहरा अगदी प्रसन्न होता.

मनीषा, तू हे वाचत असशील तर तुझ्या बाबांचा एकही विनोद यामुळे खोटा होत नाही. ते खरंच हसत होते. ईराला सांग, आजोबांना जे दिसायचं ते तिलाही दिसतं, मी कुंपणाबाहेरून पाहिलंय. आणि तिला उद्या कुठे जायचं असेल, तर जाऊ दे.

दत्ता, तू माझ्या दाराशी बसून माझ्या घरचा स्टोव्ह नीट करत होतास तेव्हा मी सातारला लग्नाच्या उरलेल्या जिलब्या खात होतो. सही करायला एक क्षण लागला असता. मुंबईत तुझी निवड झाली असती की नसती, कुणाला ठाऊक. पण न निवडलं जाण्याचा हक्कसुद्धा तुझाच होता, आणि तोही मी तुझ्याकडून घेतला. तुझा खेळ मला इतका आवडायचा की तो तुझा आहे हेच मी विसरलो. मी तुला सोडायला हवं होतं. माझं चुकलं, दत्ता. मला माफ कर.